मेंबरांनी घातलेलं गाऱ्हाणं

बोलायला उभे राहिले की मेंबर आधी चष्मा काढून खिशात ठेवीत. चष्म्याशिवाय त्यांना चार हातांवरचा माणूस ओळखू येत नसे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "मास्तर, समोरची तोंडं दिसली की माणूस अडखळतो. दिसलीच नाहीत तर मनातलं सगळं बोलता येतं." आणि बोलत मात्र ते खरंच असं, की ऐकणाऱ्यानं विडी विझवून ठेवावी. रत्नागिरीत वकील पुष्कळ होते, पण मुंबईच्या कौन्सिलात जाऊन सरकारला चार शब्द सुनावणारा आमच्या माहितीत हा एकच. त्यामुळे त्यांना नावानं कुणी हाक मारीत नसे. बाजारातले वाणी, बंदरावरचे खारवी, पालीकडून माल आणणारे गाडीवान, सगळ्यांचे ते मेंबर.

मला मास्तर केलं ते त्यांनीच. आमचं गाव पालीच्या पुढे, आत डोंगराकडे. तिथल्या शेतकऱ्याच्या मुलानं ट्रेनिंगला जायचं म्हटलं की तेव्हा लोक हसत. मेंबर सक्तीच्या शिक्षणावर कौन्सिलात नुकतेच बोलून आले होते. त्याच भरात त्यांनी माझ्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकला. पुढे रत्नागिरीच्याच शाळेत लागलो आणि दर रविवारी त्यांच्या पडवीत जाऊन बसू लागलो. ते पडवीच्या खांबाला 'अध्यक्षमहाराज' म्हणत आणि येत्या बैठकीचं भाषण म्हणून दाखवीत. मी विरोधी पक्ष. "विचारा हो काहीतरी वाकडं, नुसते माना काय डोलावताय?" असं म्हणून मला डिवचीत. मी वाकडं विचारलं की खूश होऊन आत हाक देत, "अगो, मास्तरांना सरबत पाठव, आज त्यांनी मला अडवलंन." एवढ्या मोठ्या माणसानं मला असं जवळ केलं होतं, हे आज पोटात इतका राग असूनही सांगायला हवं.

बंदराच्या धक्क्याचा प्रश्न त्यांचा फार लाडका. आगबोट लांब उभी राहायची आणि उतारूंना लहान पडावातून किनाऱ्याला यावं लागायचं. एकदा मुंबईहून परतताना ते पडावातून उतरताना कमरेपर्यंत भिजले. त्याच ओल्या धोतरानं वाळूत उभं राहून त्यांनी जमलेल्या लोकांपुढे भाषण ठोकलं. शेवटी नेहमीचं वाक्य: "काम झालंच म्हणून समजा." खारव्यांनी टाळ्या वाजवल्या. धक्का काही झाला नाही. दर निवडणुकीला मात्र तो नव्यानं व्हायचा.

पण धक्का झाला नाही म्हणून कुणाचं घर बुडालं नाही. बुडालं ते खोतीपायी. गाव खोताचं, जमीन खोताची आणि आम्ही पिढ्यान्पिढ्या ती कसणारी साधी कुळं. पिकलेल्या भाताचा अर्धा वाटा खोताच्या अंगणात नेऊन घालायचा, वर त्यानं बोलावलं की वेठीला जायचं. वहाळाकाठचा आमचा मळा माझ्या पणज्यानं धोंडे उपसून केलेला. तिथं आधी नुसती खडी होती. तरी कागदावर तोही खोताचाच. मेंबर स्वतः खोत नव्हते. खोती उठली पाहिजे, कसणाऱ्यानं सारा थेट सरकारात भरावा, मध्ये कुणी बसू नये, हे त्यांचं ठाम मत. वेठ घेणाऱ्याला शिक्षा व्हावी असं ते कौन्सिलात बोलले, तेव्हा ते भाषण मी गावात जाऊन वाचून दाखवलं होतं. आमचा बा दोन्ही हात जोडून ऐकत होता.

खोती उठवण्याचं बिल येणार असं ठरलं त्या वर्षी मेंबर शिमग्याला आमच्या गावी आले. देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्यासाठी बांधलेल्या चौथऱ्यावर, बसली होती. नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते गुरवानं. देवीला हाक मारून गावाचं मागणं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला गावानं एका तोंडानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी रीत. त्या दिवशी गुरवानं मान मेंबरांना दिला. मेंबरांनी चष्मा काढला आणि सुरू केलं. "आई, तुझ्या लेकरांच्या मानेवरचं हे जू आम्ही उतरवणार आहोत." व्हय म्हाराजा. "पुढच्या शिमग्याला या गावात खोताचा वाटा राहणार नाही." व्हय म्हाराजा. म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझी तर छाती फुगली होती. माझा माणूस बोलत होता ना.

भात झोडून झालं आणि गावानं खोताकडे वाटा नेलाच नाही. मी धावत गेलो. बाला सांगितलं, अजून कायदा झालेला नाही, बिल यायचंय, त्यावर मतं पडायची आहेत. बा शांतपणे म्हणाला, "मेंबरांनी देवीसमोर सांगितल्यान. आमी समद्यांनी व्हय म्हटलं. आता खोताकडं भात नेलं तर ती काय म्हणंल?" त्याच्या लेखी काम त्याच दिवशी झालं होतं. मुंबईला उरला होता तो नुसता सोपस्कार. मी मेंबरांकडे गेलो. म्हटलं, तुम्ही येऊन एकदा समजावा, तुमचंच ऐकतील. ते हसले. "अहो, बिल येतंच आहे. लोकांचा उत्साह कशाला मोडायचा?"

मतं पडायची त्या बैठकीला मी सुट्टी काढून मुंबईस गेलो. पास मेंबरांनीच आणून दिला होता. वरच्या गॅलरीत बसून मी त्यांचं भाषण ऐकलं आणि मनात म्हटलं, पडवीतल्यापेक्षा आज चांगलं झालं. मग मतं घ्यायची वेळ आली. मेंबरांनी उपरणं सावरलं, शेजारच्याच्या कानाशी काही बोलले आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, येतील आता. मतं मोजून झाली, बिल पडलं, आणि मग ते रुमालानं तोंड पुसत आत आले. परतताना बोटीवर मी कारण विचारलं. समुद्राकडे बघत ते म्हणाले, "देवरूखच्या खोतांकडे आमच्या मुलीचं जमतंय, मास्तर. मुलीचा बाप व्हा, म्हणजे कळेल. आणि मी विरुद्ध मत तर दिलं नाही ना?" असं म्हणून त्यांनी डब्यातला लाडू माझ्यापुढे केला. मी तो घेतला नाही. इतकीच माझी मर्दुमकी.

खोतानं दावा लावला. वकीलपत्र घ्या म्हणून गाव मेंबरांच्या पडवीत जाऊन बसलं. ते म्हणाले, कौन्सिलात असताना हा दावा घेणं बरं दिसणार नाही. बरं दिसणं! आमच्या पडवीत बैल उभा होता, त्याला उद्या कुठल्या शेतात जुंपायचं ते ठाऊक नव्हतं, आणि ह्यांना बरं दिसायचं होतं. सात घरांच्या जमिनी गेल्या. वहाळाकाठचा मळा खोतानं लांज्याकडच्या एका माणसाला कसायला दिला. तरणी माणसं मुंबईला गिरणीत गेली. बा कुठे जाणार? तो त्याच मळ्यात लावणीला मजूर म्हणून जायचा.

पुढची निवडणूक आली आणि मेंबर गावात आले. जमीन गेलेल्यांना मत नव्हतं, पण सभेला गर्दी करायला मत लागत नाही. भाषण संपल्यावर बा पुढे झाला. बिलाच्या वेळी काय झालं ते मी त्याला आदल्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं होतं. त्याला ते खरं वाटलं नव्हतं. हात जोडून त्यानं विचारलं, "मेंबरसायब, मतं पडली तवा तुमी तिथं होतात ना?"

मेंबरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतो म्हणजे? आपल्या बाजूनं हात वर करून उभा होतो. विचारा तुमच्या मास्तरांना. ते होते वर गॅलरीत."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "नाही. तुम्ही बाहेर गेला होतात."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ज्यानं शिकवल्यान त्याच्यावर उलटला." मेंबरांनी फक्त दुःखी चेहऱ्यानं मान हलवली, आणि लोकांना तेवढं पुरलं. त्या खेपेलाही ते निवडून आले. पुढे ते वारले तेव्हा अर्धी रत्नागिरी स्मशानापर्यंत गेली होती. मीही गेलो. रडलोसुद्धा. का रडलो ते मला सांगता येत नाही.

सभेच्या संध्याकाळी बा आणि मी घरी चाललो होतो. वाट मळ्याच्या बांधावरून होती. रोपं हातभर वाढली होती, लांज्याच्या माणसाची. बा थांबला. मला वाटलं, आता तरी म्हणेल की तुझं खरं.

"गाऱ्हाण्याच्या दिवशी समदा गाव म्हणत होता," तो म्हणाला. "तू व्हय म्हाराजा म्हटलंस काय रे?"

मी म्हटलं नव्हतं. मी मेंबरांचं बोलणं ऐकत उभा होतो. तसं मी सांगितलं.

"मंग बरोबर. देवीला एक तोंड कमी पडलं," बा म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता पुढे चालू लागला.