अप्पांनी काढलेली खोड

माझे वडील माणिकप्पा यांनी चाळीस वर्षं देवणीच्या जनावरांच्या बाजारात दलाली केली. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायची नि भाव ठरवायचा. पण त्याआधी बैलाची खोड काढायची. बैल कितीही देखणा असो, अप्पा म्हणणार, "मागचा पाय ओढतोय की ओ ह्यो!" विकणारा लगेच उसळणार, "डोळे फुटले का तुमचे?" मग दोघं पोटभर भांडणार आणि शेवटी एका बाकड्यावर चहा पिणार. तिथं ती खोड कुणीच खरी मानत नाही. सौदा सुरू करायची ती रीत आहे.

घरीही तेच. कोथिंबीर बघितली की पिवळी, परात बघितली की पातळ. आई वैतागून म्हणायची, "नैवेद्याची पण खोड काढतील हे!"

मी लातूरला शिवणाचा क्लास चालवते. घरात दोन लेकरं, सासूबाईंचे दुखरे गुडघे आणि एकच स्कूटी. आमच्या खानदानात कधी कुणी चारचाकी गाडी घेतलेली नव्हती. जुनी का होईना, घ्यायची ठरली. भाव करायला अप्पांना न्यायचं, हे मीच ठरवलं. नवऱ्याचं नाव उगाच कशाला घेऊ?

गाडी सबिहा नावाच्या एका बाईची होती. तिचा नवरा अकरम आठ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकनं गेला, आणि तिला चालवता येत नव्हतं. गाडी सात वर्षांची, पण काय ठेवली होती त्या माणसानं! मला बघताक्षणी आवडली. मी अप्पांना डोळ्यानं खुणावलं, होऊ द्या सुरू.

अप्पांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या. बैलाचे दात बघावेत तसं बॉनेट उघडून बघितलं. दरवाज्यावर टिचकी मारली. म्हणाले, "ही ठोकलेली हाय. इकडनं लई जोरात बसलंय. वरनं रंग दिलाय नुसता."

आता सबिहानं उसळायला पाहिजे होतं. पण तिनं दरवाज्यावरून हात फिरवला. "मला कधी बोलले न्हाईत हे," एवढंच म्हणाली, आणि अप्पांनी सांगितलेल्या भावाला मान हलवली. चाळीस हजार एका वाक्यात उतरले.

मला तिथंच कळलं होतं. सांगायला लाज वाटते, पण कळलं होतं. हिला बाजाराची रीत ठाऊक नाही, हिनं खरं धरलं, हे मी डोळ्यांनी बघितलं आणि तोंड मिटून उभी राहिले. येताना मी म्हणाले, "अप्पा, जमलं की!" ते म्हणाले, "ती भांडली न्हाई गं."

तीन आठवड्यांनी, नाव बदलायच्या कागदावर तिची एक सही राहिली म्हणून आम्ही पुन्हा गेलो. तिनं चहा दिला. मग अप्पांना हळूच विचारलं, "किती जोरात बसलं असंल हो? त्यांना लागलं असंल का?"

 ती बोलतच राहिली. "जायच्या महिनाभर आधी नांदेडला गेले होते. दुपारी येतो म्हणाले आन् दिवे लागल्यावर आले. जेवले न्हाईत. विचारलं तर म्हणे, थकलोय. त्याच दिवशी ठोकली असंल. संगं कोण होतं? लपवलं कशाला? बारा वर्षांत माझ्यापासून काय लपवलं नव्हतं, असं वाटायचं मला."

 अप्पांनी कप खाली ठेवला आणि हात जोडले. "बेटी, गाडी ठोकलेली न्हाई. मी खोड काढली. तोंडाला सवय लागलीय मेली. खोटं बोललो मी."

"ताई, मलाही माहीत होतं," मी म्हणाले. "उतरवलेले चाळीस हजार उद्याच आणून देते."

सबिहा हसली. "भली माणसं हाव तुम्ही. मला बरं वाटावं म्हणून बोलताय." पैसे घ्यायला साफ नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीतून मेकॅनिक सलीमभाईंना घेऊन गेलो. गाडीचं सगळं काम पहिल्यापासून त्यांच्याकडंच. त्यांनी दरवाज्याचे कंपनीचे बोल्ट दाखवले, रंग दाखवला. "अल्ला की कसम भाभी, गाडी को कुछ नई हुआ!" तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "जिगरी दोस्त हायेत ते यांचे. ते झाकणारच."

अप्पा रडकुंडीला आले. "आता कसं सांगू गं तुला? गाडी ठोकलेली न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई!"

"बरं, न्हाई ठोकली," सबिहा म्हणाली. "मग त्या दिवशी ते होते कुठं?"

  हा प्रश्न तिच्या घरात नव्हता. आम्हीच तो नेऊन ठेवला आणि गाडी घेऊन आलो.