कचेरीची मागची बाजू

आमच्या घरात कुणाला एखादी गोष्ट माहीत नसली की ते मला विचारतात. मलाही ती माहीत नसते, पण मी सांगतो. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या मुलीला एवढं तरी कळायला हवं होतं.

तिला कॉलेजसाठी एका जुन्या इमारतीची मापं घेऊन नकाशे काढायचे होते. तिनं आमच्या पनवेलची खाडीकाठची जुनी कचेरी निवडली. पनवेल बंदर होतं तेव्हा गलबतांतून उतरलेल्या मालावर इथे जकात घेत. पुढे खाडी गाळानं भरली, गलबतं गेली, ट्रक आले. कचेरीत एकामागून एक सरकारी खाती नांदून गेली. आता तिथे जुने गठ्ठे आणि कबुतरं राहतात. शनिवारी-शनिवारी मापं घ्यायची परवानगी मिळाली होती, त्यातला हा शेवटचा शनिवार. सोमवारी सबमिशन. ते फसलं तर अख्खं सत्र पुन्हा, असं सरांनी आधीच सांगून ठेवलेलं.

रस्त्याकडची बाजू तिनं कौलांसकट, खिडकीच्या गजांसकट शाईनं रेखून ठेवली होती. खाडीकडच्या बाजूच्या नुसत्या चार रेघा. तेही माझ्याच सल्ल्यानं. "मागची बाजू कोण बघतं?" असं मी म्हणालो होतो.

त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरायला मी गेलो. सासूबाईही आल्या. त्या मूळच्या उरणच्या कोळीवाड्यातल्या. आता आमच्याकडेच असतात आणि घरी एकटं बसायचं नाही म्हणून कुठेही निघतात. कचेरीमागच्या पायऱ्यांवर त्या वारा खात बसल्या.

"बाबा, या पायऱ्या थेट चिखलात का उतरतात?"

"साहेबलोक पाय धुवायचे."

"आणि हे दार पुढच्या दाराच्या दुप्पट रुंद आहे!"

"सरकारी कचेरी आहे बाळा. मागच्या दारानं जास्त काम होतं."

या उत्तरावर मी खूश होतो. ती नव्हती. ती मान वर करून बघत राहिली. व्हरांड्याचे सागवानी खांब, दारावरच्या कमानीत कोरलेली दगडी वेल, जोत्यात बसवलेली दोर बांधायची लोखंडी कडी. रस्त्याकडे काय होतं? एक अरुंद दार, बिननक्षीचा सपाट दगड आणि पाण्याची टाकी.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "ही मागची बाजू नाहीये. हीच पुढची. माणसं, माल, सगळं पाण्यातून यायचं. मी कचेरीची पाठ काढून ठेवलीय."

सासूबाईंना हसू आवरेना. "आमीपन मागंच मनतो गो. नारली पुनवेला नारल सोडतो, तोपन कचेरीच्या मागं. पन जावयबापू, तुमी तर शिकलेले! दर्याला पाठ दावनारी जकातकचेरी कोन बांधंल?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सुचवलं, "शीटवर नुसती नावं बदलूया का? पुढची मागची, मागची पुढची..."

"बाबा, प्लीज."

मग मी पँट दुमडली. जोत्याची उंची तळाच्या पायरीपासून घ्यायची तर कुणीतरी चिखलात उतरायला हवं होतं, आणि चूक माझी असल्यानं उमेदवार एकच होता. खाडीच्या चिखलात पाय घातला की तो परत मिळेलच असं नाही. पाय मिळाला, चप्पल राहिली.

"भरती लागली," सासूबाई वरून म्हणाल्या. "आटपा."

"वेळ आहे ना आई?"

"तुमी बोलत रायलात तर नाय."

मी गप्प राहून टेप धरला. घरच्यांच्या मते हासुद्धा इतिहासच. जोतं झालं, पायऱ्या झाल्या, दार झालं, कमान झाली. शेवटचा खांब मोजेपर्यंत पाणी माझ्या गुडघ्याला लागलं आणि खालची पायरी बुडाली. एवढी वर्षं मी ही कचेरी बघतोय, पण ती कुणाची तरी वाट बघत उभी आहे, हे त्या पाण्यातूनच दिसलं.

रविवारभर घरात टीव्ही लागला नाही. मी सल्ला दिला नाही. सोमवारी संध्याकाळी मुलगी हसतच घरी आली. काम पास झालं होतं.

"सर काही म्हणाले?"

"माणसाबद्दल म्हणाले."

इमारत केवढी आहे ते कळावं म्हणून अशा नकाशांत शेजारी एक माणूस काढतात. बाकीच्या मुलांनी सडपातळ, टायवाले साहेब काढले होते. हिच्या शीटवर गुडघाभर पाण्यात, हातात टेप धरलेला, एक ढेरपोट्या गृहस्थ उभा होता. सरांनी म्हणे त्याच्या पोटावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हे प्रमाणात आहे?"

"आहे सर," ती म्हणाली. "मापं प्रत्यक्ष जागेवर घेतलीत."