कानबाईची वीस मिनिटं

मी बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत दहावीला गणित शिकवते आणि मला नार्कोलेप्सी आहे. हे ऐकून लोक आधी हसतात. मग जेवल्यावर आपल्यालाही कशी डुलकी लागते ते सांगतात. तुमची डुलकी ठेवा तुमच्याजवळ! रात्रभर झोपूनही मी खडू हातात धरून, समीकरण अर्धवट टाकून झोपते. माणसाला जागं ठेवणारी मेंदूतली सोयच बिघडली आहे. आणि खदखदून हसले की अंगातलं बळ जातं. गुडघे वाकतात, मान पडते, जीभ जड होते. शुद्ध मात्र पक्की असते. आजूबाजूचा मूर्खपणा शब्दन् शब्द ऐकू येतो.

हे कळायला कित्येक वर्षं गेली. शेवटी इंदूरच्या डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून माझी झोप तपासली, गोळ्या दिल्या आणि लिहून दिलं, की यांना दुपारी वीस मिनिटं झोपू द्या, काम व्यवस्थित करतील. ते पाकीट मी मुख्याध्यापिकाबाईंना दिलं. त्यांनी न उघडताच खणात टाकलं.

"रात्री मोबाइल कमी बघत जा, मॅडम. अन् असंच चाललं ना, तर दहावी दुसऱ्याला द्यावी लागेल."

दहावी म्हणजे माझा जीव. त्या एका वर्गात मला गणितासाठी ओळखतात. बाकी सगळीकडे झोपेसाठी.

श्रावणात आत्येसासूबाईंकडे कानबाई, आमची खानदेशी देवी, बसली. नारळाला नथ, कुंकू, नवं लुगडं. गल्लीतल्या बायका दर्शनाला जमल्या, त्यात मुख्याध्यापिकाबाईही होत्या. ऐन आरतीत आत्येसासूबाईंनी सूर चढवला आणि त्यांची कवळी निसटून आरतीच्या ताटात पडली. मी हसले. पुढच्या क्षणी गुडघे गेले आणि मी कानबाईपुढे आडवी.

"आली! माय अंगात आली!"

कपाळावर मूठभर कुंकू, नाकाशी धूप. एकीने मुलीच्या लग्नाचं विचारलं, दुसरीने सुनेला अक्कल मागितली. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते. मग माझ्या पायांवर एक डोकं टेकलं. आवाज शाळेतला, रोजचाच होता.

"काही चुकलं असेल तर माफ कर, माय. तुले काय पाहिजे, सांग."

जीभ नेमकी तेव्हा सुटत होती. मी खरं सांगू शकले असते. बाई, मी तुमची गणिताची मॅडम आहे, जरा तो खण उघडा. पण खरं काय ते डॉक्टरांनी लिहून दिलंच होतं, त्याचं काय झालं ते मला माहीत होतं. मी डोळे न उघडता म्हणाले, "या लेकीला दुपारी वीस मिनिटं झोपू दे. दहावी तिच्याकडेच राहू दे."

"हो माय."

त्याच आठवड्यात वाचनालयात माझ्यासाठी सतरंजी आणि उशी आली. इतका झटपट कारभार त्या शाळेत मी कधी पाहिला नव्हता. लाज वाटली, पण सतरंजी परत केली नाही. दुसऱ्यांना मूर्ख म्हणत म्हणत माझ्या आजाराला मीच कुंकू फासलं होतं.

दहावी अजून माझ्याकडेच आहे. दुपारी झोपून उठते, दार उघडते, तर बाहेर कुणीतरी चपला काढून, हात जोडून बसलेलं असतं. कालही शाळेतली एक बाई होती. मी तिला नीट समजावलं, की हा आजार आहे, याला नार्कोलेप्सी म्हणतात.

"हो माय," ती म्हणाली.