ढालवाल्याला मारावं कसं

नव्वदच्या सुमारास भिलाईत, आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, रविवारी दुपारी आम्ही चौघं मित्र फाशांचा एक खेळ खेळायचो. नियमांची झेरॉक्स माझ्याकडे होती, म्हणून गोष्ट सांगणं आणि राक्षस धाडणं माझ्या गळ्यात पडलं. बाकीचे तिघं गोष्टीतली पात्रं व्हायचे: एक जादूगार, एक तिरंदाज, एक ढालवाला. प्रत्येकाचं पात्र एका कागदावर लिहिलेलं असायचं; पात्र मेलं की तो कागद बाद.

हा ढालवाला म्हणजे डोक्याला ताप होता. तो दारात उभा राहिला की माझे राक्षस ढालीवर आपटून परत. मागचे दोघं निवांत मंत्र आणि बाण सोडणार, वर चिवडा संपवणार. त्याला लागावं म्हणून मी राक्षस दांडगे केले, तर त्यातला एखादा आत घुसला की जादूगार एका फटक्यात आडवा होऊ लागला. मग मी राक्षसांना ढालवाल्याला वळसा घालायला लावलं आणि स्वतःवरच खूश झालो.

ढालवाला खेळणारा रिसालीहून सायकलने यायचा. एकदा निघताना तो म्हणाला, "माया अंगावर कोणी येतच नाही. मंग मी कायले येऊन राहिलो? पुढच्या रविवारी नाही येत." मला वाईट वाटलं. त्याच्याशिवायचा रविवार मला नको होता.

कसंबसं समजावून त्याला पुन्हा आणलं. त्या दिवशी जादूगार खेळणाऱ्याची स्टील प्लांटात सेकंड शिफ्ट होती. आमच्यात रिवाज असा, की शिफ्टवर गेलेल्याचं पात्र गोष्टीत झोपलेलं धरायचं. त्याला मारायला मात्र मनाई नव्हती. शिफ्टचं निमित्त करून लढाई चुकवणारे आम्हाला माहीत होते.

या वेळी मी किल्ल्याला दोन दारं ठेवली. एकाच्या आत खजिना आणि तिरंदाज, दुसऱ्याच्या आत झोपलेला जादूगार. दोन्हींवर दांडगे राक्षस सोडले. ढालवाल्याला एकच दार अडवता येणार होतं.

"इकडे ये ना बे," तिरंदाज म्हणाला. "तो तं आज आलाच नाही."

"म्हणूनच तं," असं म्हणून ढालवाला जादूगाराच्या दारात जाऊन उभा राहिला.

शेवटच्या राक्षसाला त्याने पाडलं, पण फासे त्याच्यावरही उलटले. खजिना गेला. तिरंदाज पळाला आणि तो खेळणारा मित्र फुगून बसला. जादूगाराला ओरखडाही आला नाही. तुझा माणूस मेला, हे मी ढालवाल्याला जरा जपूनच सांगितलं.

"मालूम हाय," तो म्हणाला. "कोरा कागद दे. दुसरा ढालवाला बनवतो."