थालीपीठाचा तास

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरीची घडी. इलॅस्टिकवाली चादर, तिला मुळात कोपराच सापडत नाही. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे, आणि बोलणी सगळी मला.

"अहो, कोपऱ्यात कोपरा घाला. बोळा कसला करताय?"

बायको हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होती. तिच्यापुढे माझी घडी म्हणजे गाठोडंच. मुलगा इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, त्याच्यामागे आम्ही आलो. मी सातवी शिकलेला, ती चौथी. घरी बसून करायचं काय, म्हणून तिने नोकरी धरली. पुढे नवा मॅनेजर आला आणि तिला काढलं. का, तर तिचे उच्चार परदेशी, पाहुण्यांना कळत नाहीत. आता ती तळघरात मशिनींपाशी! तिथे पाहुणा कशाला मरायला येतोय? आणि मशिनीला कुठलं इंग्रजी लागतं?

ती कोर्टात गेली. वकील मिळाली तीही मराठी माणसांची मुलगी, इथेच जन्मलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, यू डोन्ट पे मी. आपण जिंकलो तर माझी फी कंपनी देणार. लॉ तसा आहे."

मला वाटलं, पोरगी मागायला लाजतेय. मी दर भेटीला बेसनाचे लाडू नेऊ लागलो. शेवटी तीच म्हणाली, "काका, स्टॉप. मला माझे कपडे होत नाहीत."

केस जिंकलो. बुडालेला पगार मिळणार असं ठरलं. मग फीचं भांडण सुरू. वकिलाने कुठल्या दिवशी किती तास काम केलं, ते जज्जासमोर मांडावं लागतं. कंपनीवाले म्हणे, तास फार लावलेत. पोरीने तर आमच्या घरी येऊन हकीगत लिहून घेतली होती, तो तास आपणहून गाळलेला.

"का गं?" बायकोने विचारलं.

"काकू, मी थालीपीठ खात होते. इट्स नॉट वर्क."

"तोंड खात होतं, हात लिहीत होते ना? लाव तो तास."

ती नुसती हसली.

त्या चादरीच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. कंपनी म्हणतेय, काकूंना ठरल्यापेक्षा बरेच जास्त देतो, अपीलही करत नाही. फक्त वकिलाने फी सोडायची. "डिसिजन तुमचा. माझा विचार करू नका," म्हणाली.

फोन ठेवला आणि चादर हातात धरूनच आम्ही भांडलो.

"घेऊन टाकू," मी म्हणालो. "अपील केलं तर किती लांबेल. तू काय तरुण आहेस?"

"तुम्ही तरी कुठे आहात? टोक नीट धरा."

"अगं, तीच म्हणतेय माझा विचार करू नका."

"जेवायला बसा म्हटलं की माणूस नको नको म्हणतो. म्हणून काय पुढचं ताट उचलता?"

मी टोक नीट धरलं.

"माझी मजुरी बुडवली म्हणून मी कोर्टात गेले. आता हिची मी बुडवू? सकाळी फोन करा आणि नाही म्हणून सांगा. मी केला तर मलाच पटवत बसेल ती."

घडी झाली, इस्त्री केल्यासारखी सपाट. कपाटात ठेवून आली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "शिकाल हळूहळू."

रात्री झोपेतच गेली. हाक नाही, काही नाही. हे मला अजून पटत नाही, कारण न बोलता कुठे जाणारी बाईच नव्हती ती.

सकाळी ॲम्ब्युलन्सवाले येऊन गेले. मुलगा खाली सह्या करत होता. मी वकिलीणबाईंना फोन लावला. आधी ती गेल्याचं सांगितलं. पोरगी रडायला लागली. तिचं रडू थोडं थांबू दिलं.

"तिने नाही म्हणून सांगितलंय," मी म्हणालो.

"काका, प्लीज, हे आज नको."

"आजच. सकाळी फोन करा म्हणाली होती. पुढे माझी सही लागली, तर माझंही तेच. नाही म्हणजे नाही."

"ओके, काका."

"आणि तो थालीपीठाचा तास लाव."