मैदानासाठी हात वर करा

चक्की चालवणाऱ्या बाईचा आवाज मोठा असतो. पट्टा फिरत असताना "काका, बारीक दळू का जाडं?" हे बोंबलूनच विचारावं लागतं, आणि इतकी वर्षं बोंबलल्यावर घरात मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटतं, हिचं भांडण लागलं. माझा नवरा म्हणतो, "तुले माइक नाही लागत, तुले झाकण लागते." पण अलीकडे माझा हा आवाजही कमी पडायला लागला होता. लोक डबा ठेवतात, भिंतीला टेकतात आणि मोबाइलमध्ये मान घालतात. "दळण झालं व माय!" असं तीनदा ओरडलं की एखादी डोळे वर करते, तेही मीच तिचं काही बिघडवल्यासारखी.

आणि त्या सगळ्या मोबाइलमधून आवाज एकाचाच. "काय म्हणता मंडळी, जेवले का? लाइव्ह आलो आहो, पटापट शेअर करा."

हा आमच्या मागच्या गल्लीतला पोट्टा. लहानपणी आजीचं ज्वारीचं दळण घेऊन यायचा आणि पीठ उडालं की शिंका देत डबा टाकून पळायचा. बारावीनंतर तो काय करून राह्यला, हे त्याच्या बापालाही सांगता येत नव्हतं. आधी साप पकडणाऱ्याच्या मागं फिरून त्यानं व्हिडिओ काढले. मग घाटंजीच्या बाजारात उभं राहून भाजीचे भाव सांगितले. मग एका पावसाळ्यात रस्त्यावरच्या खड्ड्यात, गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यानं पुढाऱ्यांना जाब विचारला, आणि तिथून त्याचं नशीब उघडलं. सगळ्या पक्षांचे पुढारी त्याला भाऊ म्हणायला लागले. सभा कोणाचीही असो, पुढच्या रांगेत त्याची खुर्ची ठरलेली. खड्डा अजून तिथंच आहे.

गावातले पोट्टे त्याच्यासारखंच बोलायचे, त्याच्यासारखीच दाढी कोरायचे. तो ज्याला चांगला म्हणेल तो चांगला, ज्याला चोर म्हणेल तो चोर, आणि पुढच्या महिन्यात चोराच्याच गाडीत हा बसलेला दिसला तर "भाऊचं काहीतरी डोकं असंल" असं म्हणायचे. घरोघरी पोट्टे लाइव्ह पाहून बापाला सांगायचे की यंदा मत कोणाला द्यायचं, आणि बाप, ज्यानं जन्मात बायकोचं ऐकलं नाही, तो ऐकायचा. माझी पोरगी तर त्याची भक्तच. भाजीत मीठ कमी पडलं की म्हणायची, "आई, विषय गंभीर हाय, समजून घे."

माझ्या पोरीचं एकच वेड, पोलीस भरती. मागच्या वेळी धावण्यात थोडक्यात राहिली. घरी येऊन बूट तोंडाशी धरून रडली. तिकडे वय सरत चाललेलं, इकडे स्थळं येऊन राह्यलेली. शेवटी बापलेकीत करार झाला, की ही एक भरती होऊ द्यायची, नाही लागली तर बाप म्हणेल तिथं बोहल्यावर चढायचं. तेव्हापासून ती रोज पहाटे शाळेमागच्या मैदानावर. ते मैदान म्हणजे तरी काय, बाभळीचं रान होतं. तिनं आणि गावातल्या चार पोरींनी काटे तोडले, दगड वेचले, चुन्याची फक्की टाकून धावायला गोल आखला. पाऊस येऊन चुना धुऊन जायचा, की ह्या पुन्हा आखायच्या.

अन् नेमकं त्याच मैदानावर ग्रामपंचायतीला दुकानाचे गाळे बांधायचे सुचले. रस्त्याला लागून जागा, दुसरं काय! सरपंच म्हणाले, गावाचा विकास. चक्कीवर बाया म्हणाल्या, विकास म्हणजे त्यायच्या साळ्याचं नाव दिसते. काहीही असो, ग्रामसभेत ठराव येणार हे पक्कं झालं, आणि माझी पोरगी दोन दिवस जेवली नाही.

तेव्हा हा भाऊ धावून आला. खोटं कायले बोलू, तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं. स्वतःहून मैदानावर आला, मित्राच्या गाडीवर मागं तोंड करून बसला आणि धावणाऱ्या पोरींच्या पुढं पुढं जात लाइव्ह केलं. "ह्या आपल्या बहिणी आहेत मंडळी! यायच्या पायाखालची जमीन काढून राह्यले! मैदानासाठी हात वर करा!" आणि स्क्रीनवर खालून वर पिवळे पिवळे हात निघाले. गावातून, यवतमाळातून, पुण्याला कामाला गेलेल्या पोट्ट्यांकडून. सुरतेहून एकानं एकट्यानं सहा हात पाठवले. मी चक्की बंद करून पाहत बसले. माझ्या पोरीच्या मागं इतकी माणसं आहेत म्हणून माझा ऊर भरून आला. त्या दिवशी मी एकीचं दळण फुकट दळून दिलं, तीही मोबाइल पाहत होती, तिच्या लक्षातही आलं नाही.

सभेच्या दोन दिवस आधी तो चक्कीवर आला. मी म्हटलं, "बाबू, साऱ्या गावाले घेऊन जाऊ आतमधी. ठराव आला की सरळ हात वर करू विरोधात. त्यायचे दहा, आपले दोनशे."

तो हसला. असं हसला, की मी दुसरीतली पोर आणि तो मास्तर.

"काकू, तुमचा जमाना गेला. अंदर गेलं की ते कागदावर सह्या घेते, मंग खाली काहीबी लिहिते. आपण जायचंच नाही. बहिष्कार! सभेले शंभर माणसं लागते. त्याले कोरम म्हणते. शंभर नाही तं सभा नाही, सभा नाही तं ठराव नाही, ठराव नाही तं गाळे नाही."

इतकं सरळ, इतकं गोड, की मलाही पटल्यासारखं झालं. पोरगी तर त्याच्याकडं असं पाहत होती की आता ओवाळायचंच बाकी. मी एवढंच म्हटलं, "अरे, पण जे घरी बसून राह्यते त्यायले कोण विचारते? हाजिर तो वजीर."

"काकू, ही डायलॉगबाजी लाइव्हमध्ये करा ना," तो म्हणाला. "मस्त चालते."

सभेच्या दिवशी मी चक्की बंद ठेवली. ग्रामपंचायतीसमोर इतकी माणसं मी तिथं कधी पाहिली नव्हती. म्हातारे, पोट्टे, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, झाडाखाली, भिंतीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. सगळं गाव फाटकाच्या बाहेर. आत सरपंच, ग्रामसेवक, चार-दोन मेंबर आणि त्यांची माणसं. चहाचे कप घेऊन खिडकीतून आमच्याकडं पाहत होते. सरपंचांनी तर मला हातही केला. माणसाचं मैदान जाऊन राह्यलं आणि हा हात करते, हे मला काही बरं दिसेना. माझे पाय आपोआप फाटकाकडं गेले.

पोरीनं माझं मनगट धरलं. "आई, कुठी चालली?"

"अंदर. दोन शब्द तं बोलतो."

"तू गेली तं एक माणूस वाढते."

"अवं, शंभरालेच कमी हाय ना ते? मंग आपण सारेच गेलो तं..."

"आई, तुह्या पाया पडतो, थांब. भाऊनं सांगतलं हाय." तिनं मनगट आणखी घट्ट धरलं. "माह्यं मैदान हाय हे. तू नको बिघडवू."

मी थांबले. सासऱ्यासमोर मी कधी गप्प बसले नाही, सरकारी साहेबासमोर बसले नाही, आणि त्या दिवशी पोरीच्या हातानं गप्प झाले.

थोड्या वेळानं ग्रामसेवक दारात आला. डोक्यावरून बोट फिरवत आतली माणसं मोजली, बाहेरच्यांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "कोरम नाही. सभा तहकूब करण्यात येत आहे." पुढंही तो काही बोलत होता, त्याचे ओठ हलताना मी पाहिले. पण तोवर डफडं सुरू झालं होतं. गुलाल उडाला. ट्रॉलीतून पेढ्यांचे खोके निघाले, म्हणजे विजयाची तयारी पूर्ण होती. नाचून अर्धा-पाऊण तास झाल्यावर आमचा भाऊ एका खुर्चीवर चढला, ग्रामपंचायतीच्या इमारतीकडं पाठ केली, काठीवरचा मोबाइल उंच धरला. "मंडळी, गावानं इतिहास घडवला! आता एकदा मैदानासाठी हात वर करा!" आणि फाटकाबाहेरच्या सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. पोरगी गुलालानं माखलेली, रडतही होती, हसतही होती. माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "पाह्यलं ना आई?"

संध्याकाळी मी भाकरी टाकत होते. ती चुलीपाशी बसून तोच व्हिडिओ पाहत होती. त्यात ती दिसते म्हणून पुन्हा पुन्हा पाहत होती. मग एकदम आवाज बंद झाला.

"आई, इकडे ये. हे मांगं काय होय?"

मी पिठाचा हात तसाच घेऊन वाकले. खुर्चीवर तो, मागं ग्रामपंचायतीची खिडकी. तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. खिडकीत पंखा फिरत होता. पंख्याखाली सरपंच उभे होते, हातात कागद. आणि त्यांच्यासमोर हात वर झालेले. आठ-दहा असतील. कोणी हसत नव्हतं, कोणी नाचत नव्हतं, गपचूप, शाळेतल्या पोरांनी हजेरीला करावेत तसे. एका हातात तर चहाचा कप होता. पुढं आमचा भाऊ ओरडत होता, हात वर करा. बाहेरचे वर होते, आतलेही वर होते.

पोरीनं मोबाइल खाली ठेवला. तव्यावरची भाकर जळाली, ती कोणीच उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत गेले. भांडायला गेले होते, पण ग्रामसेवक इतका नरमाईनं बोलला की मी बाकावर बसून ऐकतच राहिले. "काकू, कोरम नसला की सभा तहकूब होते. तहकूब सभा अर्ध्या तासानं तेथीच घेता येते, अन् तिले कोरम लागत नाही. दहा माणसं असो की दोन. मी दारातून सांगतलं होतं. नोटिशीतबी होतं. पण तुमचं डफडं चालू होतं." मग थांबून म्हणाला, "तुम्ही सारे अंदर आले असते ना, तं ठराव पडलाच असता. सरपंच रातभर झोपले नव्हते." हे ऐकून मला जो संताप आला तो कोणावर काढावा, हेच कळेना.

आमचा भाऊ तीन दिवस दिसला नाही. चौथ्या दिवशी गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर आला. लहानपणीसारखाच दाराशी उभा.

मी म्हटलं, "काहून रे, तुले माहीत नव्हतं?"

"काकू, मी सर्च केलतं ना. पह्यलंच आलं, कोरम नसेल तर सभा होत नाही. खाली अजून लिहिलं होतं, पण लाइव्हचा टाइम झालता."

मी त्याचे गहू दळले. चांगले बारीक दळले. तो शिंकला, डबा उचलून गेला आणि दुपारी त्याचा नवा व्हिडिओ आला, "गावाशी दगाफटका!" तो आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त चालला म्हणतात. पुढं तालुक्याच्या एका कार्यक्रमात मैदानाच्या लढ्याबद्दल त्याला शाल-श्रीफळही मिळालं. फोटोत त्याच्या एका बाजूला पुढारी आहेत आणि दुसऱ्या बाजूला आमचे सरपंच. दोघंही हसून राह्यले.

मैदानावर जेसीबी आला तो नेमका चुन्याच्या गोलावरून. पोरगी पाहायला गेली नाही.

भरती जवळ आली होती. आता ती डांबरी रस्त्यावर धावते. अंधूक उजेडात रेतीचे टिप्पर तिथून सुसाट जातात, म्हणून मी तिच्या मागं स्कूटी घेऊन असते, दिवा लावून, हळू हळू. नवरा म्हणतो, चक्कीवाली बाई कोच झाली. हसू दे त्याला. त्याच्या करारातले दिवस तोही मोजतोच आहे.

परवा धावायला सुरुवात करण्याआधी तिचा मोबाइल वाजला. तिनं पाहिला आणि माझ्याकडं दिला. भाऊ लाइव्ह होता, एवढ्या पहाटे, गाळ्यांच्या पायाच्या खड्ड्यात उभा. "मंडळी, लढा संपला नाही! दुसऱ्या टप्प्यासाठी हात वर करा!" पिवळे हात निघायला लागले होते.

"तू करत नाही का?" मी विचारलं.

ती बुटाची नाडी बांधत होती. "लाइट जरा वर मार आई," म्हणाली आणि निघाली.

मोबाइल मी डिक्कीत टाकला. नाल्याच्या वळणावर मागून टिप्परचा आवाज आला, भरलेला, जोरात. पोरगी पुढं पांढऱ्या पट्टीवरून धावत होती. मी स्कूटी रस्त्याच्या मध्ये घेतली, मागं वळून हात वर केला आणि चक्कीवर ओरडते तशी ओरडले. टिप्परनं ब्रेक मारला. ड्रायव्हरनं मला शिवी दिली आणि आमच्या मागं हळू हळू यायला लागला. वळण सरेपर्यंत मी हात खाली घेतला नाही.