टायपिंगच्या बाई आणि लेले सरांचं हिब्रू

बारामतीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत, खताच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून गेलं की विजयमालाबाई बनसुड्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट लागते. पाटीवर अजून टाईपरायटरचंच चित्र आहे. आत मात्र टाईपरायटर औषधाला एक उरलाय, बाकी सगळे कॉम्प्युटर. तालुक्यातल्या अर्ध्या कारकुनांची बोटं बाईंनी वळवली आहेत. कोर्टात जा, तहसीलला जा, कोणीतरी फायलीतून मान वर काढून विचारणारच, "बाई अजून ओरडतात का हो तशाच?" ओरडतात. जिन्यापर्यंत ऐकू येतं.

बाई मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या, पळसदेवच्या. बोलणं अजून तिकडचंच, सगळं हाय आणि न्हाय. पण बोटांखालून जी मराठी कागदावर उतरते तिच्यात वेलांटी चुकलेली कोणाला दाखवता आलेली नाही. "तोंड माहेरचं, बोटं सरकारी," असं त्यांचे यजमान संभाजीराव म्हणतात. संभाजीराव साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे बोलायला त्यांना दिवसभर वेळ असतो.

बाईंचा एक दोष होता, तो आधीच सांगून टाकतो. त्यांना नाही म्हणता येत नसे. कोणी कसलंही काम आणो, "होतंय की" म्हणून मोकळ्या. एकदा कोणाची कानडी पत्रिका आली, एकदा गुजराती. बाईंना यातली एकही भाषा येत नव्हती. पण इंटरनेटवरून फॉन्ट उतरवला, कुठल्या बटणावर कुठलं अक्षर बसलंय त्याचा तक्ता भिंतीला लावला आणि कागदावर होतं तसं पडद्यावर उतरवून दिलं. दिसलं म्हणजे झालं, हा त्या धंद्यातला जुना नियम.

त्यामुळे दिवाळीनंतर लेले सर कापडी पिशवी घेऊन जिना चढून आले आणि म्हणाले, "बाई, प्राचीन ग्रीक आणि हिब्रू टाईप होईल का इथे?" तेव्हा बाईंचं उत्तर ठरलेलंच होतं.

रघुनाथ लेले म्हणजे कॉलेजातले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. पुण्यात शिकत असताना त्यांच्या शेजारी नगरकडचे एक मराठी पाद्री राहायचे. त्यांनी या हुशार पोराला हौसेनं दोन्ही भाषा शिकवल्या. सरांनी नोकरीभर त्यांचा उपयोग कशालाच केला नाही आणि निवृत्तीनंतर एक उद्योग काढला. जुन्या ग्रीक म्हणी, जुन्या हिब्रू म्हणी, आणि त्यांच्या शेजारी तशाच अर्थाची आपली म्हण. आळशी माणसावर, शेजाऱ्यावर, बैलावर, पावसावर, न ऐकणाऱ्या पोरावर. "जगात माणसं सगळीकडे सारखीच कटकट करतात, एवढंच माझं संशोधन," असं सर हसत सांगत.

पण हसण्यासारखं सगळं नव्हतं. सरांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की नजर जाणार, लांबवता येईल पण थांबवता येणार नाही. सरांच्या पत्नी श्यामलाताई सोबत आल्या होत्या. सर खुर्चीत बसले तेव्हा त्यांनी हळूच बाईंना सांगितलं, "बाई, त्यांना मरणाची भीती नाही. आपणच लिहिलेलं आपल्याला परत वाचता येणार नाही, याची आहे. मी संस्कृत वाचून दाखवीन, मराठी दाखवीन. हे दुसरं कोण वाचून दाखवणार आहे हो त्यांना?"

बाई म्हणाल्या, "तुमी काळजी करू नका ताई. होतंय की."

त्या रात्री जेवताना संभाजीरावांनी विचारलं, "बारामतीत किती ग्रीक राहत्यात गं?"

"एकबी न्हाय."

"मग कुणासाठी करतीयास?"

"लेले सर राहत्यात की," बाई म्हणाल्या आणि भाकरी वाढली.

बाईंनी नेहमीच्या रीतीनं काम केलं. एक ग्रीक फॉन्ट उतरवला, एक हिब्रू. भिंतीवर दोन नवे तक्ते लागले. ग्रीक अक्षरांच्या डोक्यावर टोप्या आणि तुरे, हिब्रूच्या पायाशी टिंबं आणि रेघा. क्लासच्या पोरी विचारायच्या, "बाई, हे काय रांगोळीचं हाय का?" हिब्रू तर उजवीकडून डावीकडे चालणारी. फॉन्टला त्याचा पत्ता नव्हता. मग बाई प्रत्येक ओळ शेपटाकडून टाईप करायच्या, म्हणजे शेवटचं अक्षर आधी आणि पहिलं शेवटी, की पडद्यावर ओळ बरोबर दिसायची. हा उलटा उद्योग त्यांनी अख्खा हिवाळा केला, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना गर्व होता. आल्यागेल्याला बोलावून दाखवायच्या. सर भिंग लावून छापील पानं तपासायचे आणि म्हणायचे, "वा बाई, टिंबसुद्धा हललेलं नाही." बाईंना कौतुकाची सवय नव्हती. त्या उगाच पोरींवर ओरडायच्या.

होळीच्या सुमाराला भिंगानंही दिसेनासं झालं. सरांची मुलगी वैदेही लोणी देवकरच्या एका कारखान्यात इंजिनियर. तिनं सरांच्या लॅपटॉपवर पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात ग्रीकचा आवाज भरला, हिब्रूचा भरला. रविवारी तिनं भिगवण रोडवरच्या घरी बाईंना मुद्दाम बोलावलं. श्यामलाताईंनी शिरा केला होता. सर धुतलेला सदरा घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते, कानात हेडफोन नको म्हणाले, सगळ्यांना ऐकू दे.

वैदेहीनं बाईंची फाईल उघडली आणि यंत्र बोलायला लागलं. आधी मराठी प्रस्तावना. थोडी नाकातून, पण शब्दन् शब्द कळत होता. सर मान डोलवत होते. मग पहिली ग्रीक म्हण आली आणि यंत्र इंग्रजीत शिरलं. टी, क्यू, स्लॅश, एम, कंस, एक्स. वैदेहीनं पुढे नेलं. हिब्रूवर तर नुसता कचरा, तोही उलटा. तिनं आणखी चार पानं उलटली. सगळीकडे तेच.

"सॉफ्टवेअर बिघडलंय का गं?" सरांनी विचारलं.

वैदेही "बघते" म्हणाली. बाईंना मात्र बघायची गरज नव्हती. पहिल्या 'क्यू'लाच त्यांना सगळं कळलं होतं. त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात साधं इंग्रजी अक्षरच राहतं. वरून त्याला ग्रीकचा नुसता सदरा चढवलेला असतो. पत्रिका छापायची तर सदऱ्याशीच मतलब. पण यंत्र सदरा बघत नाही, आतला माणूस कोण ते वाचतं. मराठी नीट वाचलं गेलं कारण सरकारनं सक्ती केल्यापासून बाई मराठी युनिकोडमध्ये करत होत्या, आत बाहेर एकच. तेच ग्रीकला करायला हवं, हे त्यांना सुचलंच नव्हतं. डोळे चाललेल्या माणसाला त्यांनी फक्त डोळ्यांनी वाचता येईल असं काम करून दिलं होतं.

सॉफ्टवेअरवर ढकललं असतं तर त्या घरात कोणाला कळलं नसतं. पण बाई म्हणाल्या, "सॉफ्टवेअर चांगलं हाय सर. म्याच खोटं टाईप केलंय."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. एवढी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावले असते तर बाईंना सोसलं असतं. पण ते म्हणाले, "म्हणजे मी तपासलं ते सगळं..." आणि थांबले. आता पुन्हा तपासायला डोळे नव्हते. शिरा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भिंतीवरचे दोन्ही तक्ते फाडले. वैदेहीला फोन लावून, चार ठिकाणी विचारून त्यांनी खरी रीत शोधली. ती सोपीच निघाली, त्यामुळे तर आणखी चरफड झाली. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा वाढवायची. ग्रीक नुसती घेतली तर आजच्या ग्रीसचा कीबोर्ड येतो. जुन्या भाषेसाठी त्याच्याच आत पॉलिटोनिक नावाचा दुसरा असतो, तो निवडायचा. त्यात टोपी आधी मारायची आणि अक्षर मागून. टाईपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची सवय असलेल्या बाईंना हे एका सकाळीत जमलं. हिब्रूत उलट, अक्षर आधी, टिंब नंतर, आणि उजवीकडचं कंट्रोल-शिफ्ट दाबलं की ओळ आपली आपण उजव्या हाताकडून सुरू होते. हिवाळाभर शेपटाकडून टाईप केलेलं आठवून बाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारला.

रोज सकाळी क्लास उघडायच्या आधी त्या स्वतः बसून सगळी पानं नव्यानं करू लागल्या. आणि संध्याकाळी भिगवण रोडला जाऊ लागल्या, कारण त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं होतं, "आता माझ्यावर इसंबून ऱ्हायाचं न्हाय. तुमी सोता शिकायचं."

"या वयात, बाई?"

"वय बोटाला नसतंय."

सर विद्यार्थी म्हणून अगदी टाकाऊ निघाले. सगळं आयुष्य शिकवण्यात गेलेलं, त्यामुळे शिकवून घ्यायची सवय मोडलेली. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात, तिथे पहिली बोटं ठेवायची आणि हलवायची नाहीत, एवढंच पहिले कित्येक दिवस बाई सांगत होत्या. सरांचा हात तिथून भटकायचा, अक्षर चुकायचं, की ते वैतागून त्या शब्दाची व्युत्पत्ती सांगायला लागायचे. "व्युत्पत्ती मागनं," बाई म्हणायच्या, "आधी करंगळी." एकदा सवयीनं त्या ओरडल्या, "सर, खाली बघायचं न्हाय!"

सर म्हणाले, "खाली बघून तरी काय दिसणार आहे आता?"

बाईंनी जीभ चावली. मग सरच मोठ्यानं हसले. म्हणाले, "तुमचा हा एकच विद्यार्थी असेल ज्याच्यावर हे ओरडावं लागणार नाही." श्यामलाताई आतून बाहेर आल्या आणि दोघांकडे बघून परत आत गेल्या.

भाषा बदलली की यंत्र तिचं नाव सांगायचं, त्यावरून सरांना आपण कुठे आहोत ते कळायचं. ग्रीकचा उच्चार त्यांना मुळीच पसंत नव्हता. "हा आजच्या अथेन्समधल्या रिक्षावाल्यासारखा वाचतो," अशी रोजची तक्रार. पण वाचत होता. अक्षर मारलं की अक्षर बोलत होता. वैशाख लागेपर्यंत सर एक म्हण, टोप्यांसकट, स्वतः उतरवायला लागले. हळूहळू, एकेका बटणावर विचार करत. परीक्षेला बसवलं असतं तर बाईंनी त्यांना नापासच केलं असतं. उजेड आणि अंधार एवढंच आता त्यांना वेगळं कळत होतं.

बाईंची नवी पानं पुरी झाली त्या दिवशी त्या पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. सरांच्या लॅपटॉपवर फाईल टाकली आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. यंत्रानं मराठी वाचलं. मग ग्रीक आली, आणि ग्रीकच आली. मग हिब्रू, घशातून खरवडून काढल्यासारखी. बाईंना एक अक्षर कळत नव्हतं. त्या सरांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. सर डोळे मिटून ऐकत होते आणि ओठ यंत्राच्या जरा पुढे पुढे चालत होते. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदर लावला आणि कोणी बघितलं नाही याची खात्री करून घेतली.

बऱ्याच वेळानं सरांनी यंत्र थांबवलं. एकदा मागे नेलं, पुन्हा ऐकलं.

"बाई, इथे एक ओळ गळली आहे."

"व्हय?" बाई एकदम पुढे सरकल्या. त्यांच्या कामात ओळ गळली असं त्यांच्या तोंडावर आजवर कोणी म्हणालं नव्हतं. "कंची? सांगा, आत्ता घालती मी." त्यांनी हात पुढे केलासुद्धा.

सरांनी आपले हात कीबोर्डवरून काढले नाहीत. "बसा तुम्ही," ते म्हणाले.

मग त्यांनी एकेक अक्षर मारायला सुरुवात केली. मारलं, ऐकलं, एक पुसलं, पुन्हा मारलं. बाईंच्या हातून ती ओळ एका श्वासात उतरली असती. त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. आपली चूक कोणीतरी दुरुस्त करतंय आणि आपल्याला बरं वाटतंय, हे त्यांना नवीनच होतं.

स्वयंपाकघरात श्यामलाताईंना बाईंच्या टायपिंगचा आवाज ओळखीचा झाला होता, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. चूक निघाली म्हणजे बाईच टाईप करायला बसल्या असणार असं त्यांना वाटलं होतं, पण हा आवाज तो नव्हता. त्यांनी आतूनच विचारलं, "कोण टाईप करतंय हो?"

"मी करतोय," लेले सर म्हणाले.